नशिबाशी फसवणूक, पण नियमात बसवून: मॅलिफॉ हा खेळ कसा वाचायचा

खेळांवर संशोधन करायचं ठरवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रस्तावात एक वाक्य हमखास सापडतं: 'हा खेळ वसाहतवादाचं चित्रण करतो.' किंवा 'हा खेळ भांडवलशाहीवर टीका करतो.' मग पुढच्या चार पानांत खेळाची गोष्ट सांगितलेली असते. त्यात कुठलं जग आहे, कोण दुष्ट आहे, कोण पीडित आहे, हे सगळं येतं. खेळताना माणूस प्रत्यक्षात काय करतो, हे मात्र कुठेच येत नाही. मौखिक परीक्षेत कुणी विचारलं, 'हे तर तुम्ही खोक्यामागचा मजकूर वाचूनही लिहिलं असतं, नाही का?' तर उत्तर द्यायला जड जातं.

म्हणून आज एकच खेळ घेऊ आणि तो नीट वाचू. खेळाचं नाव मॅलिफॉ. अमेरिकेतल्या विर्ड या कंपनीने तो २००९ साली पहिल्यांदा काढला. हा मिनिएचरचा, म्हणजे रंगवलेल्या छोट्या मूर्तींचा खेळ आहे. मोठ्या फौजा नसतात, प्रत्येक बाजूला मोजकी पात्रं असतात, आणि टेबलावर तीन फूट बाय तीन फुटांच्या जागेत चकमक होते. इथलं सगळं विवेचन २०१९ च्या तिसऱ्या आवृत्तीबद्दल आहे. हे मुद्दाम सांगतोय. खेळाची आवृत्ती न सांगता केलेलं विधान हे संहितेची प्रत न सांगता केलेल्या पाठचर्चेसारखं असतं. नियम बदलले की अर्थही बदलतो.

जग असं आहे: आपल्या पृथ्वीवरून एका भगदाडातून दुसऱ्या जगात जाता येतं. तिथे सोलस्टोन नावाचे दगड सापडतात. जादूला लागणारी ताकद त्यांच्यात साठवलेली असते. ती संपली की दगड पुन्हा भरावा लागतो, आणि तो भरतो जवळ मरणाऱ्या जिवाच्या आत्म्याने. खाणी, वाफेची यंत्रं, कामगारांची संघटना, दगडांच्या व्यापारावर मक्तेदारी सांगणारी गिल्ड, प्रेतं उठवणारे, दलदलीतले ग्रेमलिन, असा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा काळोखा पसारा आहे. 'वसाहतवादाचं चित्रण' हे वाक्य इथे हातात आयतंच येतं. ते जरा बाजूला ठेवा. आधी हात काय करतात ते बघू.

या खेळात फासे नाहीत. प्रत्येक खेळाडूकडे स्वतःचा ५४ पानांचा कॅट असतो: चार रंग, प्रत्येकात १ ते १३, आणि दोन जोकर. लाल जोकर १४ चा, काळा शून्याचा. हल्ला करायचा झाला तर दोघंही आपापल्या कॅटवरचं पान उघडतात, त्यात पात्राचा आकडा मिळवतात, आणि ज्याची बेरीज मोठी तो जिंकतो. इथवर फासे टाकण्यात आणि यात फारसा फरक नाही. पण प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला तुमच्या हातात सहा पानं असतात. उघडलेलं पान पसंत नसेल तर हातातलं पान त्याच्या जागी टाकता येतं. नियमपुस्तकात या कृतीचं नाव आहे 'चीट फेट', म्हणजे नशिबाला फसवणं. गंमत म्हणजे कंपनीचं नाव असलेला 'विर्ड' हा जुन्या इंग्रजीतला शब्दही नियती या अर्थाचाच आहे.

या नियमाचं कौतुक करताना खेळाडू एक दावा नेहमी करतात: पानांमुळे नशिबाचा वाटा कमी होतो, कसब वाढतं. तुम्ही संशोधक होणार असाल तर अशा दाव्यापाशी थांबायला शिका. तो खरा असेलही, पण 'कमी' म्हणजे किती, आणि कशामुळे?

गणित अवघड नाही. ५४ पानांची बेरीज ३७८, म्हणजे सरासरी बरोबर ७. आता अशी कल्पना करा की याच आकड्यांचा ५४ बाजूंचा फासा आहे. तो २७ वेळा टाकला तर एकूण बेरजेचं प्रमाण विचलन सुमारे २०.३ येतं. त्याऐवजी कॅटमधून २७ पानं परत न ठेवता उघडली तर तेच विचलन सुमारे १४.५ येतं. सरासरी तीच, पण चढउतार साधारण तीस टक्क्यांनी कमी. फाशाला आठवण नसते, कॅटला असते, हे त्यामागचं कारण. वाईट पान एकदा गेलं की त्या फेरीत ते पुन्हा येत नाही.

मेंढीकोट खेळलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. किती मेंढ्या गेल्या, किती राहिल्या, हे मोजणारा आणि न मोजणारा यांच्या खेळात जमीन-अस्मानाचा फरक असतो. इथेही तसंच. दहा किंवा त्याहून मोठी पानं कॅटमध्ये सतरा आहेत, म्हणजे सुरुवातीला शक्यता ३१ टक्क्यांच्या आसपास. समजा, हातातल्या सहांत एकच मोठं पान आहे आणि उघडलेल्या वीस पानांत तीनच आली. मग उरलेल्या २८ पानांत तेरा मोठी पानं आहेत. शक्यता ४६ टक्क्यांवर गेली. ज्याने मोजलं नाही तो म्हणतो 'आज पानंच लागत नाहीत', आणि नेमक्या हल्ला करायच्या क्षणी माघार घेतो.

पण दाव्याची दुसरी बाजूही तपासायला हवी. फेरी संपली की टाकलेली पानं पुन्हा कॅटमध्ये पिसली जातात, म्हणजे ही आठवण एका फेरीपुरतीच. शिवाय हातातली सहा पानंही नशिबानेच येतात. पहिल्या सहांत दहा किंवा वरचं एकही पान नसण्याची शक्यता सुमारे नऊ टक्के आहे. तेव्हा 'नशीब कमी झालं' हे अर्धंच खरं. नशिबाचा काही भाग निर्णयाच्या आधी सरकला, हे जास्त नेमकं. खेळांच्या अभ्यासात याला इनपुट आणि आउटपुट यादृच्छिकता असे शब्द आहेत: निर्णयाआधी येणारं नशीब आणि निर्णयानंतर येणारं नशीब. मॅलिफॉत दोन्ही आहेत, आणि खेळाची खरी चव त्यांच्यामधल्या फटीत आहे. दोघांची पानं उघडी पडली आहेत, तुम्ही दोनने मागे आहात, हातात १२ आहे. आत्ता वापरू की पुढे लागेल? जो मागे असतो त्याला आधी ठरवावं लागतं, म्हणून समोरचा तुमची उधळपट्टी बघून मग आपली मूठ उघडतो.

यातला सगळ्यात सुंदर तपशील काळ्या जोकरचा. उघडताना तो आला तर तोच धरावा लागतो, हातातलं पान टाकून तो बदलता येत नाही. पण तोच सुरुवातीला हातात आला तर अनुभवी खेळाडू खूश होतो. तो हातात अडकला म्हणजे कॅटमधून उघडणार नाही. सर्वांत वाईट पान जवळ बाळगणं हीच सुरक्षितता. त्यासाठी सहांतली एक जागा अडवून ठेवावी लागते, ही किंमत. एका ओळीचा स्पष्टीकरणात्मक मजकूर न लिहिता हा नियम नियतीबद्दल काहीतरी सांगून जातो. इयन बोगोस्ट २००७ च्या 'पर्सुएसिव्ह गेम्स' या पुस्तकात ज्याला प्रोसीजरल ऱ्हेटरिक म्हणतो, म्हणजे प्रक्रियेतून केलेलं प्रतिपादन, त्याचं याहून छोटं आणि स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आता टीका. 'नशिबाला फसवणं' हा शब्द बंडखोर वाटतो. पण योहान हॉयझिंगाने १९३८ च्या 'होमो लुडेन्स'मध्ये केलेला भेद आठवा: फसवणारा खेळाचे नियम मोडतो पण खेळ मानल्याचं सोंग करतो, आणि खेळमोड्या खेळच नाकारतो. मॅलिफॉतला खेळाडू या दोन्हींत बसत नाही. त्याला फसवण्याचा हक्क नियमानेच दिलाय, आणि दोघांनाही सारखाच, सहा-सहा पानांचा. हे बंड परवान्याचं आहे.

इथे पहिलं वाचन असं सुचतं: जग विषमतेचं आणि नियम समतेचे, म्हणून गोष्ट आणि खेळ यांत फारकत आहे. खाणकामगार असो की गिल्ड, हातात पानं सहाच. वाचन आकर्षक आहे, पण त्यावर लगेच हरकत येते. रॉजे कायवाने १९५८ साली खेळांचे चार प्रकार सांगितले. त्यातला स्पर्धेचा प्रकार, अगॉन, उभाच राहतो तो सारख्या संधीवर. दोन माणसं टेबलाशी बसली आणि एकाला तीनच पानं दिली तर तो खेळ कोण खेळेल? म्हणजे ही समता हा प्रकाराचा स्वभाव आहे, या खेळाचा दोष नाही. बुद्धिबळात प्यादी राजाइतकी मोलाची नसतात म्हणून त्यावर सरंजामशाहीचा निबंध लिहिण्यासारखंच ते होईल.

तेव्हा नियमांकडे परत जाऊ आणि विषमता दुसरीकडे कुठे लपलीय का ते शोधू. ती सापडते सोलस्टोनमध्ये. टोळी भरती करताना प्रत्येक पात्राची किंमत सोलस्टोनमध्ये मोजतात, नेहमीच्या डावात पन्नास. खर्च न केलेले काही दगड शिल्लक ठेवता येतात. तेच दगड डावात वापरून जास्तीची पानं ओढता येतात, बसणारा मार कमी करता येतो. म्हणजे माणसं विकत घेण्याचं चलन आणि नशीब विकत घेण्याचं चलन एकच. आणि गोष्टीत ते चलन मेलेल्यांच्या आत्म्यांनी भरलेलं. खेळाडू भरतीच्या वेळी जे म्हणतो, 'एक माणूस कमी घेतो, चार दगड ठेवतो', ते वाक्य या जगातल्या मालकाच्या तोंडचं आहे.

याहून पुढची गोष्ट: हे दगड सगळ्या पात्रांना वापरता येत नाहीत. मास्टर आणि हेंचमन या वरच्या दर्जांनाच तो अधिकार. मिनियन म्हणून ज्यांची नोंद आहे त्यांच्या अंगावर मार आला तर तो आला. म्हणजे विषमता खेळात आहेच, फक्त ती दोन खेळाडूंच्या मध्ये नसून तुमच्याच टोळीत, वरपासून खालपर्यंत आहे. आणि तुम्ही खेळाडू म्हणून बसलेले असता सगळ्यात वर. कामगार संघटनेची टोळी घेतली तरी बसायची खुर्ची तीच.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. खेळाने इतकी टोकदार रचना उभी केली आणि तिची बोच मात्र खेळाडूला लागू दिली नाही. मिनियन मेला की मूर्ती उचलून बाजूला ठेवायची. जिंकण्यासाठी शत्रूला मारणंही आवश्यक नाही, ठरलेली उद्दिष्टं पूर्ण केली की गुण मिळतात. हे डिझाइन म्हणून उत्तम आहे, कारण नुसत्या कत्तलीपेक्षा डाव खूप विचारी होतो. पण दगड कुणाच्या मरणाने भरतो, हा गोष्टीतला सगळ्यात भयंकर तपशील डावात एका हिशोबी ठोकळ्यापुरता उरतो. असंच टेन थंडर्स या गटाचं. जपानी निंजा आणि चिनी मठवासी एकाच गुन्हेगारी छत्राखाली आणले आहेत. नियमांत या पात्रांना भरपूर वेगळेपण आहे, चित्रात आणि नावांत मात्र 'पूर्व' एकच, धूसर आणि कारस्थानी. वेगळेपण देण्याची ताकद डिझाइनरकडे होती हे नियमांवरून दिसतं, म्हणूनच चित्रातला आळस जास्त खटकतो.

तुमच्या प्रस्तावासाठी यातून काय घ्यायचं? 'हा खेळ वसाहतवादाचं चित्रण करतो' हे वाक्य खोटं नाही, पण त्याला हरवता येत नाही, म्हणून ते निरुपयोगी आहे. त्याऐवजी असं लिहून बघा: 'मॅलिफॉच्या तिसऱ्या आवृत्तीत संसाधन वापरण्याचा अधिकार दर्जानुसार वाटलेला आहे, आणि त्यामुळे खेळाडू मालकाच्या जागेवरून निर्णय घेतो.' हे विधान तपासता येतं. एखादा परीक्षक नियमपुस्तक उघडून 'पण अमुक मिनियनला अपवाद आहे' असं म्हणू शकतो, आणि मग खरी चर्चा सुरू होते. पुरावे तीन ठिकाणचे लागतील: नियम, गोष्ट, आणि प्रत्यक्ष खेळणाऱ्यांचं वागणं. पहिल्या दोन गोष्टी पुस्तकात मिळतील. तिसरीसाठी टेबलाशेजारी वही घेऊन बसावं लागेल: शेवटचं मोठं पान खेळाडू कुणासाठी टाकतो, मास्टरसाठी की मिनियनसाठी, आणि टाकताना काय बोलतो.

मी वर जे वाचन मांडलं ते पहिल्या दोन पुराव्यांवर उभं आहे. तिसऱ्याने ते टिकेल किंवा पडेल. कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या.