रंगद्रव्याशिवाय रंग?

मघाशी ज्याचं चित्र पाहिलंत तो निळा धागा म्हणजे जपानच्या तेईजिन कंपनीचं मॉर्फोटेक्स. नायलॉन आणि पॉलिएस्टरचे ६१ थर, एकाआड एक. थरांवरून परतणारे प्रकाशतरंग एकमेकांत मिसळतात, त्यातून निळा उठून दिसतो. रंगवायला नको. मॉर्फो फुलपाखरावरून सुचलेलं. युक्ती सुंदरच आहे हो.

माझं भांडण आहे ते ‘निसर्गाची नक्कल’ या शब्दांशी. नक्कल करताना मूळ कशाला म्हणायचं ते आधी ठरवावं लागतं, आणि तिथंच आपण छाटणी करतो. मॉर्फोच्या पंखात थरांच्या जोडीला मेलॅनिन असतं, म्हणजे रंगद्रव्यच! उरलेला प्रकाश ते गिळतं, म्हणून तर निळा इतका गडद. शिवाय खवल्यांवरच्या बारीक कडा एका उंचीच्या नसतात. त्या गबाळेपणामुळेच तिरपं पाहिलं तरी निळा निळाच राहतो. सपाट, नेटक्या थरांत कोन बदलला की रंग सरकतो. आपण शिस्त तेवढी उचलली.

आपल्या मोरपिसाचंही तसंच. खलबत्त्यात कुटून बघा, निळा जाईल, तपकिरी भुकटी उरेल. ती तपकिरी मेलॅनिनचीच.