डर्मनचं आत्मचरित्र कशासाठी वाचावं

मंडळी, आजचं पुस्तक इमॅन्युएल डर्मन यांचं 'माय लाइफ अॅज अ क्वांट'. २००४ साली आलेलं. गणिताच्या जोरावर वित्तक्षेत्रात जायचं, त्यासाठी अमेरिकेत एम.एस. करायचं असं ठरवलेल्या मुलांच्या हातात हे पुस्तक कोणी ना कोणी ठेवतंच. पुस्तक उत्तम आहे. माझी तक्रार आहे ती मुलं त्यातून जो सल्ला काढतात त्याबद्दल.

केपटाउनचा मुलगा १९६६ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात येतो. सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या पीएच.डी.त सात वर्षं जातात. मग पोस्टडॉकसाठी गावोगाव, मग बेल लॅब्ज, आणि १९८५ साली गोल्डमन सॅक्स. हे वाचून मुलं म्हणतात, बघा, मोठं विद्यापीठ आणि अवघड विषय गाठला की पुढचं होतंच. इथेच घोडं पेंड खातं. तेव्हा आजच्यासारखे वित्तीय अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम नव्हते. कार्नेगी मेलनचा अभ्यासक्रम सुरुवातीच्या काहींपैकी, तोही १९९४चा. भौतिकशास्त्रात कायमच्या नोकऱ्या कमी होत्या आणि वॉल स्ट्रीटला गणित, संगणक येणारी माणसं हवी होती. दार उघडं दिसलं, ते आत गेले. त्यात अभ्यासक्रमाची निवड कुठे आली?

आणि पैशांचं काय? तिथे भौतिकशास्त्राच्या पीएच.डी.ला सहसा विद्यापीठ विद्यार्थ्याला पैसे देतं. वित्तीय अभियांत्रिकीच्या एम.एस.ला आपण विद्यापीठाला देतो, बहुतेक वेळा घर तारण ठेवून काढलेल्या कर्जातून. डर्मनच्या गोष्टीत हा हप्ता नाही. तुमच्या गोष्टीत तो पहिल्या पानावर आहे.

मग पुस्तक वाचायचं कशासाठी? माझ्या मते ब्लॅक-डर्मन-टॉय मॉडेलच्या भागासाठी. १९९० साली प्रसिद्ध झालेलं हे मॉडेल. पुढचे व्याजदर फांद्या फुटत जाणाऱ्या झाडासारखे मांडायचे, ते झाड आजच्या बाजारातल्या दरांशी जुळवायचं, आणि त्यावरून रोख्यांवरच्या ऑप्शनची किंमत काढायची. गणित इंजिनिअरिंगच्या चांगल्या विद्यार्थ्याला कळेल इतपतच. खरी मेहनत ते ट्रेडरला रोज वापरता येईल असं करण्यात आहे: प्रोग्रॅम लिहायचा, स्क्रीन सुटसुटीत करायची, त्याच्या शिव्या ऐकायच्या. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचं हे कामच नाही. यातले फिशर ब्लॅक तर हार्वर्डचे उपयोजित गणिताचे पीएच.डी.; अर्थशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हतीच.

म्हणून अभ्यासक्रम निवडताना क्रमवारीच्या आधी हे विचारा, की गेल्या दोन वर्षांतली मुलं नेमकी कुठल्या कामावर लागली? बँकेत किंमत आणि जोखीम मोजण्याचं काम असेल तर स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस हवंच. कार्नेगी मेलनच्या श्रीव्ह यांची दोन पुस्तकं त्यासाठीच आहेत. हेज फंडात संशोधन करायचं असेल तर संख्याशास्त्राची किंवा संगणकशास्त्राची पदवी कदाचित जास्त कामी येईल. त्यावर 'फायनान्स' हा शब्द नसला तरी चालेल.

कालावधीही बघा. बर्कलीचा अभ्यासक्रम एका वर्षाचा, प्रिन्स्टनचा साधारण दोन वर्षांचा. एका वर्षात फी आणि राहण्याचा खर्च वाचतो खरा, पण सामान सोडवायच्या आत मुलाखतींची तयारी लागते. बारूक कॉलेज न्यूयॉर्कच्या सरकारी सिटी युनिव्हर्सिटीचं. नाव ऐकून आपल्याकडचे काका-मामा नाक मुरडतात, पण क्वांट म्हणून माणसं घेणारे मुरडत नाहीत. आणि अभ्यासक्रमाची नोंद विज्ञान-तंत्रज्ञान गटात आहे का, हे लेखी विचारून घ्या. सध्याच्या नियमांत असेल तर पदवीनंतर १२ महिन्यांवर आणखी २४ महिने काम करता येतं, नसेल तर १२वरच थांबतं. कर्जाचा हिशेब या फरकावर उभा असतो. एच-वन-बी व्हिसाच्या सोडतीचा भरवसा त्यात धरू नका.

समोरून चिठ्ठी आली आहे: "सर, क्वांट होण्यासाठी पीएच.डी. करू का?" प्रश्न तुमचा स्वतःचा असेल, पाच-सहा वर्षं त्याच्याशी झुंजायची तयारी असेल, तर जरूर करा. नुसत्या नोकरीसाठी विचारत असाल तर आधी डर्मनची कोलंबियातल्या वर्षांवरची पानं वाचा. पुस्तकातली सगळ्यात उदास पानं तीच, आणि शिफारस करणारे नेमकी तीच गाळून सांगतात.