ढकलवाङ्मय

दिवाळी अंकात वर्षभरातील वाङ्मयाचा परामर्श घेण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. त्या चालीला अनुसरून मी कथा-कादंबरीवर दोन शब्द लिहावेत अशी संपादकांची अपेक्षा असणार. पण सणासुदीला वाचकांपाशी खोटे कशाला बोला? गेल्या वर्षभरात मी वाचलेल्या कादंबऱ्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील; आणि त्यांतली एक माझीच होती, मुद्रिते तपासण्यासाठी वाचावी लागली. उलट रोज सकाळी, तोंड धुण्यापूर्वी, मोबाईलवर आलेले तीस-चाळीस मजकूर मात्र मी नेमाने वाचतो. तेव्हा ज्याचा खरोखर व्यासंग घडला त्याच वाङ्मयाविषयी लिहावे, हे प्रामाणिकपणाचे.

हे वाङ्मय घरबसल्या येते, फुकट येते आणि न मागता येते. कवी, वैद्य, इतिहासकार, अर्थशास्त्रज्ञ आणि ज्योतिषी असे सारेच त्यात लिहितात. फक्त ते कोण, एवढेच कळत नाही. एका अंगठ्याने ढकलले की दुसऱ्याच्या दारात, त्याने ढकलले की तिसऱ्याच्या, असा त्याचा प्रवास असल्यामुळे मी त्याला ढकलवाङ्मय म्हणतो. आमची टीकाकार मंडळी त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. दारच्या पुराला ओहोळ म्हणून चालत नाही, एवढेच त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते.

वर्गीकरणावाचून टीका होत नाही, म्हणून आधी प्रकार पाहू. पहिला प्रकार सुप्रभाताचा. गुलाबाचे फूल, वाफाळता चहा आणि जीवनाविषयी दोन ओळी. उपद्रव कमी, पोषण शून्य. दुसरा औषधींचा : मधुमेहापासून मूळव्याधीपर्यंत सर्वांवर एकच काढा. तिसरा गौरवाचा. आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्कृष्ट असल्याचे युनेस्कोने नुकतेच जाहीर केले, हा मजकूर मला गेली कित्येक वर्षे 'नुकताच' येत आहे. युनेस्कोने तसे काहीही जाहीर केलेले नाही. आपले राष्ट्रगीत आपल्याला प्रिय असण्यासाठी पॅरिसच्या शिक्क्याची गरज का पडावी, हा प्रश्न पाठवणाऱ्याला पडत नाही.

चौथा प्रकार परनामी. कोणीतरी लिहितो आणि खाली पु. ल. देशपांडे, व. पु. काळे किंवा कुसुमाग्रज असे नाव ठोकून देतो. मला एकदा व्हॉट्सॲपवरील कौटुंबिक ग्रुपांची टर उडवणारा एक लेख आला; खाली पु. लं.चे नाव. पु. ल. गेले २००० साली आणि व्हॉट्सॲप जन्मले २००९ मध्ये. मी हे आमच्या काकांना कळवले. काका निवृत्त तलाठी. सारा जन्म सात-बाराच्या उताऱ्यावर नाव कोणाचे, हे पाहण्यात गेलेला. ते म्हणाले,

"अरे, कोणी लिहिलं ते काय करायचंय?"

"पण काका, खरं आहे का ते तरी पाहायला नको?"

"आलंय ना? मग खरं असणार!"

ढकलवाङ्मयाचे सगळे अलंकारशास्त्र काकांच्या ह्या शेवटच्या वाक्यात सामावले आहे, असे माझे मत आहे.

पाचवा प्रकार राजकीय. २०१६ च्या नोव्हेंबरात दोन हजारांची नोट आली, तेव्हा तिच्यात एक सूक्ष्म यंत्र दडवले असून ती जमिनीत पुरली तरी उपग्रहाला दिसते, असा मजकूर आला. २०२३ च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने ती नोट चलनातून मागे घेण्याचे जाहीर केले. तेव्हा लोकांना आपापल्या नोटा घेऊन बँकेतच जावे लागले. उपग्रहाने कोणाची एकही नोट नेऊन भरली नाही. पुढे महाराष्ट्राचे राजकारण असे काही फिरले की, ढकलणाऱ्यांची तारांबळ पाहवेना. २०१९ च्या नोव्हेंबरातला पहाटेचा शपथविधी, मग २०२२ आणि २०२३ मधल्या पक्षफुटी. काल ज्याला मावळा म्हणून पाठवले तो आज गद्दार, आणि कालचा गद्दार आज मुत्सद्दी. मजकूर तोच, विशेषणे तीच. फक्त नावांच्या जागा बदलायच्या. लग्नपत्रिकेचे छापील नमुने मिळतात, तसा हा प्रकार. आमच्या घरच्या ग्रुपात ह्यापायी दोन मावसभाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. ज्यांच्यासाठी भांडले ते दोघे पुढारी एकाच मंत्रिमंडळात बसले. हे दोघे मात्र अजून एका पंक्तीला बसत नाहीत.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हा सारा यंत्राचा दोष. मला तसे वाटत नाही. माझ्या लहानपणी पंधरा पैशांचे पोस्टकार्ड येई. त्यावर देवीची कृपा वर्णिलेली असे आणि शेवटी धमकी : अशीच अकरा पत्रे लिहून पाठवा, न पाठवणाऱ्याचा बैल मेला. आमच्या आईने भीतीपोटी एकदा अकरा कार्डे मला लिहायला लावली होती. माझे हस्ताक्षर सुधारण्याला देवीचा तेवढा हातभार लागला. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पिऊ लागला, तेव्हा कोणाच्या खिशात असले यंत्र होते? ती वार्ता एका दिवसात देशभर आणि देशाबाहेरही पोचली. तेव्हा ढकलण्याची हौस जुनीच. फरक इतकाच की, अकरा कार्डे लिहायला दुपार मोडावी लागे आणि बोटे दुखत. बोटे दुखू लागली की, माणूस थोडा विचार करतो.

'लेखक अज्ञात असला म्हणून काय झाले? लोकवाङ्मयाचा कर्ता तरी कोणाला ठाऊक असतो?' असा युक्तिवाद एका सुशिक्षित गृहस्थांनी माझ्यापाशी केला. तो वरवर बिनतोड आहे, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. जात्यावरच्या ओवीला कर्तीचे नाव नसे, हे खरे. पण ती गाणारी बाई समोर बसलेली असे. शेजारणीविषयी भलतेसलते गायली, तर शेजारीण तिला दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर गाठी. संतांनी तर अभंगाच्या शेवटी आपले नाव गोवले. नामा म्हणे, तुका म्हणे ह्या मुद्रिकेत अभिमान नाही, जबाबदारी आहे. हे मी म्हणतो, काय विचारायचे ते मला विचारा. त्या मुद्रिकांखालीही पुढे कोणीकोणी आपले घुसडले, आणि संशोधकांच्या पिढ्या ते निवडत बसल्या. म्हणजे परनामी वाङ्मयही आपल्याला नवे नाही.

परंतु निवडत बसणारी माणसे होती, हे विसरू नये. ज्ञानेश्वरी लिहिली गेली शके १२१२ मध्ये. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे ती हातोहात उतरवली जात होती. म्हणजे त्या काळच्या रीतीने पुढे ढकलली जात होती. ज्याला जे सुचले ते त्याने भरीला घातले. शेवटी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी पोथ्या समोर घेऊन पाठ शुद्ध केला, आणि पदरची ओवी घालणाऱ्याला कडक ताकीद देऊन ठेवली. नाथ स्वतः केवढे कवी! त्यांना चार ओव्या घालणे काय जड होते? पण पुढे देणाऱ्याने आधी निवडावे, हा त्यांनी घालून दिलेला धडा आहे. पैठणच्या ह्या गृहस्थाला मी मराठीतला पहिला मोठा संपादक मानतो.

दुसरा दाखला जवळच्या काळातला. 'केसरी'च्या अग्रलेखाखाली नाव नसे. म्हणून तो मजकूर निनावी ठरला काय? १९०८ साली सरकारने लेखांवरून राजद्रोहाचा खटला भरला, तेव्हा लोकमान्यांनी 'आले तसे छापले' असे न्यायालयात सांगितले नाही. त्यांनी लेखांची बाजू स्वतः मांडली आणि सहा वर्षांची शिक्षा घेऊन ते मंडालेला गेले. तेव्हा खाली नाव नसणे हा वाङ्मयाचा दोष नव्हे. उत्तर द्यायला कोणी नसणे, हा दोष. ढकलवाङ्मयात हजारो संपादक आहेत आणि संपादकाची खुर्ची रिकामी आहे.

आता जे सांगायचे ते सांगण्याआधी इतका वेळ का लावला, हे वाचकांच्या ध्यानात येईल. २०१८ च्या जूनमधली गोष्ट. मुले पळवणारी टोळी जिल्ह्यात शिरली आहे, असा मजकूर मला आला. सोबत एक चित्रफीत. अशा चित्रफिती त्या दिवसांत देशभर फिरत होत्या. त्यांतल्या एका गाजलेल्या चित्रफितीत मोटारसायकलवरून दोन माणसे येतात आणि खेळणारे मूल उचलून नेतात. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना जागे करण्यासाठी केली होती. मूळ चित्रफितीत ती माणसे परत येतात, मुलाला सोडतात आणि सावध राहा असे सांगणारा फलक धरतात. कोणीतरी तो शेवट तेवढा कापला. टीकाकाराच्या नजरेने पाहिले तर ही केवढी भयंकर कारागिरी! एक शब्दही न बदलता, केवळ शेवट गाळून बोधकथेची चिथावणी केली.

मी तेव्हा टीकाकाराच्या नजरेने पाहिले नाही. मी मास्तर होतो आणि घाबरलो होतो. पालकांच्या ग्रुपात मी तो मजकूर पाठवला आणि वर स्वतःचे चार शब्द जोडले : 'खबरदारी घ्यावी, ही विनंती.' सदतीस पालकांनी अंगठा वर केलेले चित्र पाठवले. मास्तरांनी पाठवले म्हणजे खरे असणार.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा ह्या गावी, मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले होते. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा त्यांचा पिढीजात रिवाज. राईनपाड्याला आमच्या ग्रुपातले कोणी नव्हते. माझ्या मजकुराने तो जमाव जमला असे मी म्हणत नाही. पण तिथे कोणा मास्तराने, कोणा काकाने माझ्यासारखेच चार शब्द जोडले नसतील, असे मी कशावरून म्हणू? वर्तमानपत्र हातात धरून मी बराच वेळ बसलो. वासुदेव, गोंधळी, डवरी गोसावी हीच तर आपली खरी फिरती वाङ्मयशाळा. गावची गोष्ट ते दुसऱ्या गावाला नेत. स्वतःच्या तोंडाने, स्वतःचा चेहरा दाखवून, उजेडात. चेहरा असलेल्यांचा बळी बिनचेहऱ्याच्या मजकुराने घेतला.

ग्रुपात मी दुसऱ्या दिवशी लिहिले की, मी पाठवलेला मजकूर खोटा होता, चूक माझी. त्याला चार अंगठे मिळाले.

ह्यानंतर कंपनीनेही काही उपाय केले. त्याच जुलैत मजकुरावर 'फॉरवर्डेड' अशी चिठ्ठी लागू लागली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी तो ढकलता येईल असे ठरले. २०१९ च्या जानेवारीत ती मर्यादा जगाला लागू झाली. २०२० च्या एप्रिलपासून फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ लागला. उपाय वाईट नाहीत. पोस्टकार्डाच्या काळातला बोटांचा दुखरेपणा यंत्राने थोडा परत आणला म्हणायचा. पण चिठ्ठी 'हे पुढे आले' एवढेच सांगते; 'ह्याला मी जामीन' असे ती सांगू शकत नाही. ते काम यंत्राचे नव्हे.

त्या वर्षी मार्गशीर्षात आमच्या गल्लीत वासुदेव आला. मोरपिसांची टोपी तीच, चिपळ्या त्याच. पण दारात उभे राहताच त्याने आधी अंगरख्याच्या खिशातून आधार कार्ड आणि पोलीस ठाण्यात नाव नोंदवल्याचा कागद काढला. मग पहिला अभंग म्हटला. मी म्हणालो, "बाबा, कागद कशाला दाखवता? तुम्ही दरसाल येता की!" तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही वळखता हो. पोरांच्या फोनला कुठं माहीत हाय?"

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. जे पुढे पाठवायचे त्याच्याखाली माझे नाव घालायला हात धजला, तरच पाठवायचे. हा नियम लागू केल्यापासून माझे मजकूर दिवसाला वीस होते, ते महिन्याला दोनावर आले. ढकलवाङ्मयाची फार मोठी हानी झाली असे दिसत नाही.

यंदाच्या दिवाळीच्या शुभेच्छाही मी स्वतः लिहिल्या. चारच ओळी, त्यांत पणती नाही, फराळही नाही, आकाशकंदिलाची वीज गेली त्याची हकीगत आहे, आणि खाली माझे नाव. पहिल्या काकांना पाठवल्या. पाच मिनिटांत उत्तर आले :

"फार छान आहे. पण तुला हे आलं कुठून?"