न्यूकॅसलला कोळसा, मोखाड्यात टँकर

तलाठी भरतीच्या परीक्षेत 100 प्रश्न आणि 200 गुण. त्यातले 25 प्रश्न, म्हणजे 50 गुण, इंग्रजीचे. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत इंग्रजी नाही, इथे आहे. जव्हार-मोखाड्यात राहून ज्याला किंवा जिला आपल्याच भागात सरकारी नोकरी हवी आहे, त्यांना हा घाट चढावाच लागतो. सोबतीला असते मोबाईलमधली पीडीएफ: 'अतिमहत्त्वाचे 500 ईडियम्स'. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ, मध्ये एक रेघ.

या मजकुराचं परीक्षण कुणी करत नाही, कारण तो साहित्य मानला जात नाही. पण आपल्यातल्या कित्येकांनी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा वाचलेलं इंग्रजी हेच असेल. कवितासंग्रहांची परीक्षणं आपण आवडीनं वाचतो. या यादीचं एकदा व्हायला हरकत नाही.

यादीत वाक्य नसतं, हा तिचा पहिला दोष. बोलणारा नाही, ऐकणारा नाही, प्रसंग नाही. 'अ बी इन वन्स बॉनेट' म्हणजे 'एखाद्या गोष्टीचा ध्यास'. बॉनेट ही जुन्या काळची बायकांची टोपी, हे यादी सांगत नाही. त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर स्टँडवरच्या जीपचं बॉनेट येतं आणि त्यात अडकलेली मधमाशी. (हे चित्र मूळापेक्षा चांगलं आहे, आणि लक्षातही राहतं.)

दुसरा दोष जास्त गंभीर आहे. 'मेक हे व्हाइल द सन शाइन्स' समोर बहुतेक ठिकाणी 'वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे' असं छापलेलं सापडतं. दोन्हींत संधी आहे, म्हणून जोडी लावली. पण मराठी वाक्प्रचारात किंचित तुच्छता आहे. दुसऱ्यानं आणलेल्या पाण्यात फुकट हात धुणाऱ्याबद्दल आपण तो वापरतो. इंग्रजी म्हणीत मेहनत आहे. ऊन आहे तोवर गवत कापून, वाळवून घ्या. पाऊस आला तर सगळं कुजेल.

आणि हे गवत आपल्याला परकं नाही. जव्हारचा डोंगर उतरून पश्चिमेला गेलं की डहाणू-तलासरीचा पट्टा लागतो. तिथे पावसाळा संपला की गवतकापणी सुरू व्हायची. 1945 साली वारल्यांनी संप केला तो याच कामाच्या मजुरीसाठी. 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये, एवढी मागणी. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा सगळा लढा आहे. ज्यांनी ते वाचलंय त्यांना 'मेक हे' ही म्हण पाठ करावी लागणार नाही. उलट ते विचारतील, ऊन होतं, गवत होतं, कापणारे हातही होते. मग संधी कुणाची होती? पर्याय अ, ब, क, ड यांत हा प्रश्न बसत नाही, पण म्हण कळणं म्हणजे हेच.

'कॅरी कोल्स टू न्यूकॅसल' घ्या. अर्थ: जिथे जे मुबलक आहे तिथेच ते नेणे, निरर्थक श्रम. न्यूकॅसल हे ईशान्य इंग्लंडमधलं कोळशाचं बंदर. तिथून कोळसा लंडनला जायचा. आता आपली जोडी लावून पाहू. मोखाड्यात पावसाळ्यात धो धो पडतं. कोचाळ्याजवळ मुंबई महापालिकेनं मध्य वैतरणा धरण बांधलं, त्यातलं पाणी मुंबईला जातं. म्हणजे 'मोखाड्यात टँकर नेणे' याचा अर्थ 'निरर्थक श्रम' व्हायला हवा होता. पण मार्च उलटला की पाड्यांवर टँकरची वाट बघतात. इंग्रजी म्हण इथे येऊन उलटी होते. हे ज्याला सांगता आलं त्याला न्यूकॅसल जन्मभर विसरता येणार नाही.

एक गोष्ट कबूल करायला हवी: जुनी पुस्तकं इतकी कोरडी नव्हती. रेन आणि मार्टिनच्या व्याकरणात निदान पूर्ण वाक्यं असतात. त्यातला पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होता आणि 'बो जेस्ट' ही गाजलेली कादंबरीही त्याचीच. गोष्ट सांगता येणारा माणूस. पीडीएफवाल्यांनी त्याची वाक्यं काढून टाकली आणि नियम तेवढे ठेवले.

'मग इंग्रजी कशाला हवी? तलाठ्याचा सातबारा, फेरफार, पंचनामा सगळं मराठीत' असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. सावित्रीबाईंनी 1854च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो ज्ञानाच्या दारासाठी. ते दार जव्हारच्या पोरांना बंद करायचं आणि पुण्यातल्या पोरांना उघडं ठेवायचं, यात कसलं स्वभाषाप्रेम? माझी तक्रार यादीतल्या इंग्रजीबद्दल आहे. ती दारापर्यंत नेते आणि कडी दाखवून परत पाठवते.

शिवाय प्रश्नपत्रिकेतली मराठी तरी घरची आहे का? घरात वारली, कोकणा, ठाकरी, कातकरी बोलणाऱ्याला 'उंटावरून शेळ्या हाकणे' हेही शाळेतच भेटतं. शेळ्या दारात आहेत. उंट कुठून आणायचा? म्हणजे दोन भाषांचे वाक्प्रचार पाठ करायचे आणि ज्या बोलीतले आपोआप येतात तिला शून्य गुण. उद्या तलाठी होऊन पाड्यावर पंचनामा करायचा तेव्हा समोरचा माणूस त्याच बोलीत बोलणार आहे.

प्रश्न काढणाऱ्यांना एवढं करता येईल: ईडियमखाली चार अर्थ देण्याऐवजी चार वाक्यं द्या आणि तो कुठल्या वाक्यात चुकीच्या जागी पडलाय ते विचारा. संगणकावरच्या परीक्षेत हेही तितकंच सहज तपासता येतं.

तोवर, तयारी करणाऱ्यांनी पीडीएफच्या रेघेपलीकडे वहीत तिसरा रकाना आखावा. त्यात आपल्या गावातला एखादा प्रसंग लिहायचा, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत. 'बर्न द मिडनाइट ऑइल' समोर रॉकेलची चिमणी आपसूक येईल. ज्याच्यासमोर काहीच येत नाही तो ईडियम शेवटच्या आठवड्यासाठी ठेवा. 500पैकी तसे दीडशे उरले तरी चालतील.