उक्ती आणि भाकीत

‘प्रोजेक्ट मॅच’ या अमेरिकन संशोधनाच्या १९९८ मधील निष्कर्षांत, बाह्यरुग्ण मद्यासक्तांच्या तीन वर्षांनंतरच्या मद्यपानाची सर्वांत समर्थ पूर्वसूचके म्हणून परिवर्तनाची सज्जता व आत्मविश्वास यांचा निर्देश आहे. परंतु सज्जता मोजली ती प्रश्नावलीतील विधानांशी रुग्णाने दर्शविलेल्या सहमतीवरून. अर्थात मोजली गेली ती उक्ती. आणि ‘सोडावीशी वाटते’ ही इच्छा होय, ‘सोडतो’ ही प्रतिज्ञा. अ‍ॅम्रहाइन व सहकाऱ्यांना २००३ मध्ये मादकद्रव्यांच्या व्यसनींच्या मुलाखतींत पुढील वर्तनाशी थेट संबंध आढळला तो प्रतिज्ञेचा, इच्छेचा नव्हे. प्रश्नावलीच्या एकत्रित गुणांकात हा भेद विरघळतो. शिवाय निष्कर्ष समूहाचा आहे. अल्प गुणांवरून एखाद्या रुग्णास असाध्य ठरविणे हा त्याचा निव्वळ दुरुपयोग होय. निवाऱ्याची शाश्वती नसलेले तर या संशोधनातून प्रारंभीच वगळले होते.