‘सोंग’ की ‘मुखवटा’? : बोहाड्याच्या वर्णनातील एक शब्ददोष

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागात आदिवासींचा बोहाडा भरतो. त्याच्या वर्णनांत ‘मुखवट्यांचे नृत्य’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे, की त्यातील उणीव सहसा ध्यानात येत नाही. बोहाड्यात येते ते ‘सोंग’; मुखवटा हे त्याचे केवळ एक अंग. गणपती, नरसिंह, रावण अशी सोंगे रात्री संबळ-सनईच्या साथीने एकामागून एक नाचत येतात. मुखवटा, वेष, पावलांची चाल आणि वाद्य यांचा संयोग म्हणजे सोंग होय. नागर मराठीत मात्र, ‘पैशाचे सोंग आणता येत नाही’ या म्हणीत दिसतो त्याप्रमाणे, या शब्दास खोटेपणाचा अर्थ चिकटला आहे. म्हणूनच अभ्यासकांनी तो टाळला असावा. परंतु शब्द टाळल्याने दृष्टीही बदलते. दिवसा येऊन सायंकाळी परतणारा पाहुणा ठेवलेले मुखवटे पाहतो आणि उत्सव पाहिल्याचे समाधान मानतो. वस्तुतः तोवर एकही सोंग आलेले नसते. आपली पुष्कळ वर्णने याच पाहुण्याच्या नजरेने लिहिली गेली आहेत. संज्ञा ज्यांची, त्यांच्याच अर्थाने ती स्वीकारणे, ही अशा संशोधनाची पहिली अट होय.