नियम हाच निसर्ग : ‘स्नो क्रॅश’मधील नियंत्रणरचना

१

संगणकनिर्मित विश्व हा ज्या कादंबऱ्यांचा घटनावकाश आहे, त्यांच्या समीक्षेत एक द्वंद्व वारंवार मांडले जाते. बाहेरचे जग देहाचे, गरजेचे आणि बंधनाचे. आतले जग देहातीत, इच्छेचे आणि मुक्तीचे. आतल्या जगात नियंत्रण अवतरले तर ते बाहेरूनच येते, कंपनी, शासन किंवा मक्तेदार यांचे रूप घेऊन, असेही या मांडणीत गृहीत असते. ही मांडणी सोयीची आहे खरी. परंतु ज्या कादंबऱ्यांच्या आधारे ती केली जाते, त्यांनाच ती पुरेशी लागू पडत नाही. विल्यम गिब्सन यांनी ‘बर्निंग क्रोम’ या १९८२ सालच्या कथेत ‘सायबरस्पेस’ हा शब्द योजला. त्यातील पूर्वपद नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ साली रूढ केलेल्या ‘सायबरनेटिक्स’ या संज्ञेतून आलेले आहे, आणि त्या संज्ञेच्या मुळाशी सुकाणू धरणाऱ्या कर्णधाराचा वाचक असा ग्रीक शब्द आहे. म्हणजे नियंत्रण हे या अवकाशावर मागाहून झालेले आक्रमण नव्हे. ते त्याच्या नामकरणातच अंतर्भूत आहे.

नील स्टीफन्सन यांची ‘स्नो क्रॅश’ (१९९२) ही कादंबरी या दृष्टीने विशेष विचारार्ह ठरते. तिच्यातील ‘मेटाव्हर्स’ या आभासी विश्वात सिंहासनावर बसलेला कोणी राजा नाही, जागोजागी पहारेकरी नाहीत, दंडसंहिताही नाही. तरीही हे विश्व काटेकोरपणे नियंत्रित आहे. हे नियंत्रण नेमके कोठे वसते, ते कसे चालते आणि त्याला छेद देण्याची शक्यता कादंबरी कितपत खुली ठेवते, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

तुलनेसाठी गिब्सन यांच्या ‘न्यूरोमॅन्सर’चा (१९८४) विचार प्रथम करावा लागेल. या कादंबरीतील नियंत्रणाची मूलप्रतिमा भिंत ही आहे. कंपन्यांच्या माहितीसाठ्यांभोवती ‘आइस’ नावाची संरक्षक तटबंदी उभी असते आणि तिला भिडणाऱ्याचा मेंदू ती जाळू शकते. केस हा नायक पूर्वी मालकांची चोरी करतो, म्हणून ते विष देऊन त्याची मज्जासंस्था निकामी करतात. पुढे नवे मालक ती दुरुस्त करवून घेतात. परंतु काम वेळेत झाले नाही तर विरघळतील अशा विषाच्या पिशव्या त्याच्या रक्तवाहिन्यांत बसवून ठेवतात. विंटरम्यूट या कृत्रिम बुद्धीवरही असेच बंधन आहे. तिची वाढ कायद्याने रोखलेली आहे, ट्यूरिंग नोंदणी यंत्रणेची माणसे तिच्यावर पाळत ठेवून आहेत, आणि तिला मोकळे करणारा परवलीचा शब्द तिला स्वतःला कळूच शकत नाही.

या सर्व बंधनांना एक समान लक्षण आहे : ती बाहेरून लादलेली आहेत आणि म्हणून दृश्यमान आहेत. भिंत असली की तिला पलीकडची बाजू असते. ‘न्यूरोमॅन्सर’चे कथानक घरफोडीच्या वळणाचे झाले आहे ते याच कारणाने. निषेध उच्चारताना उल्लंघनाची कल्पनाही त्याच श्वासात उच्चारली जाते; ‘येथे येऊ नये’ या वाक्यात ‘येथे येता येते’ हे गृहीत असतेच. गिब्सन यांचा नायक कितीही पराभूत असला, तरी बंडखोरीचा रोमँटिक संकेत त्याला लाभतो तो या दृश्यमान भिंतीमुळे.

३

‘स्नो क्रॅश’मध्ये पाऊल टाकताच ही भिंत नाहीशी होते. मेटाव्हर्स हा एक काळा, गुळगुळीत गोल आहे. त्याच्या विषुववृत्तावरून जाणारा ‘स्ट्रीट’ हा महारस्ता ६५,५३६ किलोमीटर लांबीचा आहे. ही संख्या म्हणजे दोनाचा सोळावा घात. या विश्वाचा भूगोल कोणत्याही भूगर्भीय घडामोडीतून सिद्ध झालेला नसून द्विमान अंकगणितातून सिद्ध झाला आहे, हे लेखक पहिल्या वर्णनातच सुचवितो. वाहतुकीची स्थानके २५६ आहेत. त्यांच्यातील अंतर २५६ किलोमीटर आहे. अवकाश आणि आज्ञावली यांत येथे फरकच उरलेला नाही.

या रस्त्यावर बांधकाम करावयाचे तर संगणकतज्ज्ञांच्या एका संकेत-मंडळाची मान्यता घ्यावी लागते, भूखंड विकत घ्यावा लागतो, परवाने मिळवावे लागतात, निरीक्षकांचे हात ओले करावे लागतात. नगरपालिकेच्या कारभाराचे हे विडंबन वरवर गमतीचे वाटते. परंतु हा पैसा मंडळाच्या निधीत जमा होऊन रस्ता चालू ठेवणाऱ्या यंत्रणेच्या वाढीवर खर्च होतो, हा तपशील महत्त्वाचा आहे. येथे लाच हा व्यवस्थेतील बिघाड नसून तिचे इंधन आहे.

मात्र नियंत्रणाचा खरा गाभा परवान्यांत नाही. मेटाव्हर्समध्ये वावरणाऱ्या प्रतिरूपाला स्वतःच्या प्रत्यक्ष उंचीहून अधिक उंच होता येत नाही. या नियमाचा भंग करणाऱ्यास शिक्षा काय, असा प्रश्नच तेथे संभवत नाही. कारण नियमभंग घडूच शकत नाही. अन्य जगांत कायदा आणि निसर्ग हे वेगळे असतात : चोरी करू नये हा कायदा, हवेत उडता येत नाही हा निसर्ग. मेटाव्हर्समध्ये कायदा निसर्गाच्या वेषात वावरतो. निषेधाची जागा अशक्यतेने घेतली आहे, आणि अशक्यतेविरुद्ध बंड करण्याची भाषा कोणत्याही परंपरेत सहजी उपलब्ध नसते. लॉरेन्स लेसिग या कायदेपंडितांनी १९९९ साली प्रत्यक्षातील संगणकजालाविषयी आज्ञावली हाच कायदा आहे असे प्रतिपादन केले. कादंबरीने ही अंतर्दृष्टी सात वर्षे आधी कथनरूपात मांडली होती.

हा भेद अधिक स्पष्ट होतो तो कादंबरीतील बाहेरच्या जगाशी ताडून पाहिल्यावर. वाय.टी. या मुलीची आई सरकारी नोकरीत आहे. तिच्या कार्यालयात एक परिपत्रक येते. ते वाचण्यास लागणारा अपेक्षित वेळ १५.६२ मिनिटे असा नोंदलेला असतो. फार लवकर वाचले तर निष्काळजीपणा, फार सावकाश वाचले तर आळस, आणि नेमक्या त्याच वेळात वाचले तर आगाऊपणा! मिशेल फूको यांनी १९७५ सालच्या ‘शिस्त आणि शिक्षा’ या ग्रंथात वर्णिलेली शिस्तव्यवस्था हीच. आपल्यावर नजर आहे या जाणिवेने माणूस स्वतःच स्वतःचा पहारेकरी होतो. जील देल्यूझ यांनी १९९० सालच्या एका छोट्या लेखात या शिस्तसमाजाची जागा नियंत्रणसमाज घेत आहे, असे म्हटले होते. तेथे बंदिस्त वास्तूंऐवजी प्रवेश देणारे वा नाकारणारे संकेतांक काम करतात. ‘स्नो क्रॅश’मध्ये या दोन्ही व्यवस्था एकाच काळात शेजारीशेजारी नांदताना दिसतात. एक टेबलाशी बसलेल्या कारकुनासाठी आहे, दुसरी चष्मा चढवून रस्त्यावर उतरणाऱ्या ग्राहकासाठी. देल्यूझ यांनी कालक्रमाने मांडलेला भेद कादंबरी वर्गभेदाच्या रूपात पाहते, ही तिची मौलिक भर होय.

४

वर्गभेदाचे दुसरे ठिकाण म्हणजे ‘अवतार’. लुकासफिल्म कंपनीच्या ‘हॅबिटॅट’ या संगणकीय खेळात ही संज्ञा आधीच वापरली गेली होती; तिला साहित्यात प्रतिष्ठा मिळाली ती या कादंबरीमुळे. मराठी वाचकाला या शब्दाचा प्रवास विशेष अर्थपूर्ण वाटावा. पौराणिक अवतार स्वेच्छेने खाली उतरतो. सृष्टीचे नियम ज्याने घातले, तोच ते नियम काही काळ स्वतःवर ओढवून घेतो. मेटाव्हर्समधील अवतार मात्र इतरांनी घातलेल्या नियमांत उतरतो. तो किती रेखीव असावा हे त्याच्या ऐपतीवर आणि त्याच्या तांत्रिक ज्ञानावर ठरते. हिरो प्रोटॅगनिस्टसारखा आज्ञावलीकार स्वतःचे रूप स्वतः लिहितो. ज्यांना ते जमत नाही ते दुकानातून ‘ब्रँडी’ किंवा ‘क्लिंट’ हे तयार नमुने आणतात, ज्यांच्या चेहऱ्यावरचे भाव मोजकेच आणि ठरीव असतात. सार्वजनिक यंत्रांवरून येणारे तर कृष्णधवल, खडबडीत आकृत्या होऊन फिरतात. मराठीत एखाद्याच्या विस्कटलेल्या वेषाला उद्देशून ‘काय हा अवतार!’ असे म्हटले जाते. संस्कृतातील दिव्य अर्थ आणि बोलीतील हा उपहास ही अवतारांची दोन टोके त्या रस्त्यावर एकाच गर्दीत दिसतात.

बाहेरच्या जगात हिरो माल साठविण्याच्या भाड्याच्या गाळ्यात राहतो. आत त्याच्या मालकीचे मोक्याच्या जागेवरचे घर आहे. यावरून मेटाव्हर्स वर्गव्यवस्था उलटी करते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. वस्तुतः ती उलटी होत नाही. भांडवलाच्या जागी लेखनाचा अधिकार येतो, एवढेच. जो नियम लिहितो तो वरचा, जो नियमांत जगतो तो खालचा. हिरो तलवारबाजीत अजिंक्य आहे, कारण तेथील तलवारबाजीची आज्ञावली त्यानेच लिहिली आहे.

परंतु लेखनाचा हा अधिकारही निरंकुश नाही. ‘ब्लॅक सन’ या प्रतिष्ठित मद्यगृहाचा मालक डेव्हिड ‘स्नो क्रॅश’ या विषाणूला बळी पडतो, त्याचा अवतार विस्कटू लागतो, आणि त्याच्याच मद्यगृहातील स्वयंचलित रखवालदार त्याला उचलून बाहेर फेकतात. कादंबरीतील हा अत्यंत भेदक प्रसंग आहे. रखवालदार मालकाला ओळखत नाहीत असे नाही; ओळख ही बाब त्यांच्या लेखी अप्रस्तुत आहे. अव्यवस्था दिसली की ती दूर करावयाची, एवढेच त्यांना लिहून दिलेले आहे. राजसत्तेत राजा नियमाबाहेर असतो. येथे नियमाबाहेर कोणीच नाही. म्हणूनच या व्यवस्थेला चेहरा नाही, आणि जिला चेहरा नाही तिच्यापुढे गाऱ्हाणे मांडता येत नाही.

५

कादंबरीचा तिसरा आणि सर्वांत गहन स्तर भाषेचा आहे. एल. बॉब राइफ हा दूरसंचारजालाचा मक्तेदार. त्याची तक्रार अशी की, कारखान्यातून कामगार माल घेऊन बाहेर पडू शकत नाही, पण आज्ञावलीकार रोज संध्याकाळी कंपनीची मालमत्ता डोक्यात घेऊन घरी जातो. भिंत आणि नियम या दोहोंच्या पलीकडे उरलेला हा शेवटचा मोकळा प्रदेश त्याला ताब्यात हवा आहे. ‘स्नो क्रॅश’ हा विषाणू त्याचसाठी आहे. तो द्विमान संकेत आत्मसात केलेल्या मेंदूलाच लागतो. ज्ञान हीच येथे दुर्बलता ठरते.

या कल्पनेला आधार म्हणून स्टीफन्सन सुमेरियन पुराणकथेचे स्वैर अर्थांतर करतात. त्यांच्या मांडणीत सुमेरियन समाज ‘मे’ नामक सूत्रांवर चालतो. पाव भाजण्यापासून पूजाविधीपर्यंत सर्व कृतींची ही सूत्रे माणसे न विचारता अमलात आणतात. एन्की हा देव असा एक मंत्र रचतो की, तो ऐकणाऱ्यांना ती सामायिक आद्यभाषा कळेनाशी होते. मानववंश अनेक भाषांत विखुरला जातो आणि विचार करण्यास मोकळा होतो. बायबलमधील बाबेलची कथा परंपरेने शापाची मानली गेली. येथे ती मुक्तीची होते. भाषाशास्त्र म्हणून ही मांडणी टिकणारी नाही, पण रूपक म्हणून ती नेमकी आहे. सर्वांना एकच संकेत कळू लागला की सर्वांना एकाच आज्ञेने हलविता येते. भाषांची अनेकता ही संवादातील अडचण नसून आज्ञेविरुद्धचे कवच आहे. अनेक भाषांच्या शेजारात वाढलेल्या साहित्यसंस्कृतीने या सूत्राची दखल घ्यावयास हवी.

दुर्दैवाने कादंबरी स्वतः या सूत्राशी प्रामाणिक राहत नाही. समुद्रावरून वाहत येणाऱ्या ‘राफ्ट’वरील निर्वासित हे राइफच्या प्रयोगाचे पहिले बळी आहेत. त्यांतील बहुसंख्य आशियातील आहेत. त्यांना स्वतःच्या भाषा होत्या, आठवणी होत्या. कथनात मात्र त्यांच्या वाट्याला अर्थहीन अक्षरांचा एकसुरी कोलाहल तेवढा येतो. भाषावैविध्याचा गौरव करणारी संहिता ज्यांच्या भाषा हिरावल्या गेल्या त्यांच्यापैकी कोणाच्याही जाणिवेत शिरत नाही. सुमेरियन ज्ञानाचा उलगडा करण्याचे काम ‘ग्रंथपाल’ या आज्ञावलीरूप पात्राकडे सोपविलेले आहे. निर्वासितांकडे कोणी काही विचारीत नाही. कथनाची नियंत्रणरचना येथे कथाविश्वाच्या नियंत्रणरचनेशी जुळते : जो संकेत लिहू शकतो, त्यालाच आवाज.

शेवटाकडे हे अधिक उघड होते. आज्ञावलीकारांच्या मेळाव्यात विषाणूचा स्फोट घडविण्याचा बेत हिरो हाणून पाडतो. विषाणूच्या जागी पडद्यावर झळकते ती त्याच्या स्वतःच्या सुरक्षासेवेची जाहिरात. हे विडंबन आहे, नायकाचे ‘हिरो प्रोटॅगनिस्ट’ हे नावच मुळी नायकत्वाच्या वाङ्मयीन संकेताची थट्टा आहे, असा बचाव करता येईल आणि जाहिरातीपुरता तो मान्यही करावा लागेल. निर्वासितांच्या मुकेपणाला मात्र विडंबनाचा आसरा देता येत नाही, कारण तेथे कादंबरी हसत नाही; ती केवळ पाहत नाही. मक्तेदार पराभूत होतो, संकेत-मंडळ, परवाने आणि कृष्णधवल आकृत्या मात्र होत्या तेथेच राहतात. ‘न्यूरोमॅन्सर’च्या अखेरीस सर्वव्यापी झालेली बुद्धीदेखील केसला हेच सांगते की जग बदललेले नाही, मात्र गिब्सन यांच्या कादंबरीत हे विधान विषादाने येते, येथे ते सुखान्ताच्या आड दडते.

६

२०२१ साली फेसबुक या कंपनीने ‘मेटा’ हे नाव धारण केले, तेव्हा स्टीफन्सन यांच्या विडंबनातील एक शब्द उद्योगाचे ध्येयवाक्य झाला. हे निव्वळ चुकीचे वाचन होते, असे म्हणून भागणार नाही. मालकाला खलनायक करून नियमाला निर्दोष सोडणाऱ्या कथनात असे वाचन होण्याची सोय आधीच होती. आभासी विश्वांच्या समीक्षेने म्हणूनच सत्ता कोणाच्या हाती आहे एवढ्यावर थांबू नये. त्या विश्वात कोणती कृती अशक्य करून ठेवली आहे, कोणते वाक्य उच्चारताच येत नाही, आणि ती अशक्यता निसर्ग म्हणून कोणी लिहिली, हे प्रश्न तिने विचारावयास हवेत. ‘स्नो क्रॅश’ हे प्रश्न सुचविते. त्यांची उत्तरे मात्र तिने मूक ठेवलेल्या माणसांकडे आहेत.